बूट वॉटरप्रूफ, पाय ओले!

पुणतांब्यातल्या आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात, साखर मोजायच्या काट्यावर मी एक ओला बूट ठेवला. (खाली प्लॅस्टिकची पिशवी अंथरली होती, हे आपलं सांगून ठेवते.) दुकानातल्या काकांनी आधी बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे विचारलं, "काय भावानं लावू?" मागे तेल घ्यायला उभ्या असलेल्या दोघी जणी खुदकन हसल्या.

बूट आतून भिजला होता. कोरडा असताना मी त्याच काट्यावर त्याचं वजन करून गेले होते. आता तो जवळपास पाव किलोनं जड भरला. असा एक नव्हे, दोन. म्हणजे अर्धा किलो पाणी पायाला बांधून मी मागच्या जुलैमध्ये महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर चढून उतरले होते. आणि हे बूट साधेसुधे नव्हते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत तीन शब्द होते : लाइटवेट, वॉटरप्रूफ, ब्रीदेबल. त्या तीन शब्दांसाठी मी इंटर्नशिपचा दोन महिन्यांचा स्टायपेंड मोजला होता. घरी किंमत सांगताना मी ती दीड हजारानं कमी सांगितली होती. आज हा पेपर घरी गेल्यावर तेही कळेलच.

झालं असं की, आमचं गाव गोदावरीकाठचं, एकदम सपाट. ऊस, काळी माती, चांगदेव महाराजांची समाधी आणि शिर्डीचा फाटा फुटणारं रेल्वे जंक्शन. बाहेरच्यांना पुणतांबा आठवतं ते २०१७च्या शेतकरी संपामुळे. पावसाचं म्हणाल तर आम्ही पर्जन्यछायेतले, ढग बघायचे आणि गप्प बसायचं. पण आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, संगमनेर ओलांडून अकोले-राजूरकडे गेलं की चित्रच बदलतं. १,६४६ मीटरचं कळसूबाई तिकडेच, १,४२४ मीटरचा हरिश्चंद्रगड तिकडेच, रतनगड तिकडेच. तिथे पाऊस पडायला लागला की समोरचा माणूस दिसत नाही. त्यामुळे ट्रेकचा प्लॅन ठरला तेव्हा माझ्या सपाट गावातल्या डोक्यात एकच हिशेब आला : पाऊस आहे, म्हणजे वॉटरप्रूफ पाहिजे. छत्री घेतो तसं.

आम्ही आठ जण होतो. बारी गावातून पहाटे निघालो आणि पहिला ओढा ओलांडतानाच पाणी घोट्याच्या वर गेलं. बुटाला वरून जे भोक असतं, म्हणजे पाय घालायचं, तिथून ते निवांत आत शिरलं. वॉटरप्रूफ बुटाची खरी गंमत तेव्हा कळली. बाहेरचं पाणी आत येऊ न देणारी भिंत आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. पुढचे पाच तास प्रत्येक पावलाला 'पचक-पचक' असा आवाज येत होता. उतरताना टाचेला फोड, अंगठ्याचं नख काळं. आमच्यापुढे वाट दाखवणारे बारीचे दादा प्लॅस्टिकच्या सँडलमध्ये चालत होते. ओढ्यात पाय बुडवायचे, बाहेर काढायचे, पाणी निथळून जायचं, विषय संपला.

पण खरं नुकसान माझं नाही झालं. माझ्या रूममेटच्या पायात कॉलेजला घालायचे कॅन्व्हासचे बूट होते, तळवा घासून गुळगुळीत झालेला. तिचं म्हणणं होतं, एका ट्रेकसाठी कुठे नवीन घ्यायचे. लोखंडी शिडी उतरून खाली आल्यावर एका तिरक्या ओल्या दगडावर तिचा पाय सरकला आणि ती हातावर पडली. मनगटाला फ्रॅक्चर, प्लॅस्टर आणि उजवा हात बांधलेला असताना इंटर्नल परीक्षा. तिथे माझे महागडे बूट घसरले नाहीत, पण तो निव्वळ नशिबाचा भाग होता. विकत घेताना मी बूट उलटा करून त्याचा तळवा एकदाही बघितला नव्हता. सगळे पैसे एका शब्दावर लावले होते.

परत आल्यावर मी बादली, काटा आणि इंटरनेट घेऊन बसले. आता जे सांगते आहे ते त्यातून आलेलं आहे, आणि थोडं नखाच्या दुखण्यातून.

टेफ्लॉनचा तुकडा आणि आपला गरम पाऊस

वॉटरप्रूफ बुटाच्या बाहेरच्या कापडाच्या आत एक पातळ पडदा असतो. या पडद्यांमधलं सर्वांत प्रसिद्ध नाव गोर-टेक्स. त्याची गोष्ट भारी आहे. आपल्या नॉनस्टिक तव्यावर जे टेफ्लॉन असतं, त्याच जातीच्या पदार्थाची तापवलेली कांडी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बॉब गोर यांनी वैतागून झटक्यात ओढली. ती तुटेल असं वाटत होतं. ती लांबच लांब ताणली गेली आणि तिच्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं तयार झाली. पाण्याच्या थेंबाला ही छिद्रं फारच लहान, पण घामाच्या वाफेला पुरेशी मोठी. थेंब बाहेर, वाफ बाहेर. १९७६ मध्ये या पडद्याचं कापड बाजारात आलं आणि थंड देशांतल्या डोंगरभटक्यांचं आयुष्य बदललं.

थंड देशांतल्या, हे लक्षात घ्या.

वाफ अशी उगाच बाहेर जात नाही. आत जास्त दमटपणा आणि बाहेर कमी, असा फरक असला तरच ती भराभर सरकते. युरोपातल्या कोरड्या, थंड हवेत आत गरम पाय, बाहेर गारठा. पडदा मस्त काम करतो. आपल्याकडे जुलैत डोंगरावर हवा स्वतःच पाण्यानं भरलेली. वाफेनं जायचं कुठे? त्यात दोन्ही पायांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी, आणि चढावर त्या सगळ्या ओव्हरटाइम करतात. शिवाय बुटाच्या बाहेरच्या कापडावर पाणी थेंब होऊन ओघळावं म्हणून एक लेप दिलेला असतो. तो चिखलानं, घासण्यानं काही महिन्यांत उडतो. मग बाहेरचं कापड भिजून जड होतं आणि आतला पडदा शाबूत असला तरी वाफ अडकते. ओढ्यातून गेलाच नाहीत तरी मोजे ओले ते ओलेच, फरक एवढाच की हे पाणी तुमचं स्वतःचं.

यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. थंडीत ओला पाय हा धोका असतो. बर्फात बोटं बधिर होतात, पुढे गंभीर इजा होते. म्हणून तिकडच्या माणसानं पाय कोरडा ठेवण्यासाठी एवढा आटापिटा केला. आपला पाऊस गरम असतो. सह्याद्रीत एक दिवसाच्या भटकंतीत पाय भिजला तर गैरसोय होते, जीव जात नाही. आपल्या पायाला खरा त्रास होतो तो भिजण्यानं नाही, ओलं राहण्यानं. मग बुटाला विचारायचा प्रश्न 'पाणी आत येईल का?' हा नाही. ते येणारच. प्रश्न असा आहे की आलेलं पाणी किती लवकर जाईल.

हे मला गोर साहेबांच्या आधी घरात कळायला हवं होतं. आमचे पप्पा रात्री उसाला दारं धरायला जातात तेव्हा गमबूट घालत नाहीत. गमबुटाइतकं वॉटरप्रूफ जगात दुसरं काही नाही. पण बांध फुटला, पाणी गमबुटाच्या वर गेलं की तो बूट म्हणजे पायाला बांधलेली बादली, आणि काळ्या चिखलात रुतला की पाय निघतो, बूट तिथेच राहतो. मी फोडांना मलम लावत असताना त्यांनी हे मला एका वाक्यात सांगितलं आणि टीव्ही लावला.

मग जाळीचे बूट. वरचा भाग जाळीच्या कापडाचा, आत फार स्पंज नाही, पडदा नाही. पहिल्या ओढ्यात भिजतात, हे खरं. पण दहा-पंधरा मिनिटं चाललं की बरंचसं पाणी पावलागणिक पिळून बाहेर पडतं. मी बादलीतला प्रयोग माझ्या जुन्या रनिंग शूजवरही केला. रात्री पंख्याखाली ठेवलेले ते बूट सकाळी घालण्यासारखे झाले होते. वॉटरप्रूफवाल्यांना दोन दिवस लागले, आणि वास यायला लागला तो वेगळा.

मार्च ते मे तर सरळच आहे. मनमाडजवळचा अनकाई-टनकाई हा आमच्या रेल्वेलाइनवरचा किल्ला. उन्हाळ्यात सकाळी लवकर जाऊन दहाच्या आत उतरायचं. तिथे पाणी लागतं ते पिण्यासाठी. अशा ठिकाणी वॉटरप्रूफ बूट म्हणजे पायाला घातलेला रेनकोट. जाळी मात्र बारीक विणीची बघा. पावसाळा संपल्यावर गवत वाळतं आणि कुसळं सुरू होतात. मोठ्या भोकांच्या जाळीतून ती मोज्यात घुसतात आणि मग ट्रेक सोडून तुम्ही दर शंभर पावलांवर बसून कुसळं उपटत राहता.

जीव तळव्यात असतो

आता माझ्या रूममेटच्या मनगटाकडे येऊ.

१९३५ मध्ये इटलीतल्या विताले ब्रमानी नावाच्या गिर्यारोहकानं आल्प्समध्ये आपले सहा साथीदार गमावले. त्या काळी डोंगरातल्या जड बुटांच्या चामडी तळव्याला लोखंडी खिळे ठोकलेले असत. त्या दुर्घटनेचं खापर बरंचसं पायातल्या जोड्यांवर फुटलं. ब्रमानी हात चोळत बसला नाही. टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीची मदत घेऊन त्यानं खोल खाचांचा रबरी तळवा तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्या तळव्याच्या नक्षीला इटालियनमध्ये 'रणगाडा' असंच नाव पडलं. १९५४ मध्ये के-टू शिखरावर पहिल्यांदा पोहोचलेल्या इटालियन मोहिमेत हेच तळवे होते. विताले ब्रमानी या नावातून 'विब्रम' हा शब्द आला. महागड्या बुटांच्या तळाला पिवळ्या अष्टकोनात तो दिसतो, आणि आपल्याला वाटतं काहीतरी टेक्निकल असेल.

सांगायचं कारण असं की डोंगरातल्या बुटाचा इतिहास मुळात पकडीचा आहे. पाण्याचा मुद्दा खूप नंतर आला. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा. कोरडा असताना हा दगड चांगला धरतो. पावसात त्यावर शेवाळ चढतं आणि मग कुठलंच रबर, कुठल्याही किमतीचं, तिथे खात्रीनं टिकत नाही. शेवाळ दिसलं की पाय दुसरीकडे ठेवायचा किंवा सरळ बसून घसरत उतरायचं. पॅन्ट फाटली तर फाटू दे. मात्र नुसता ओला दगड, चिखल आणि घसारा या तिन्हींत तळव्यानं फरक पडतो, आणि भरपूर पडतो.

दुकानात बूट उलटा करा. खाचा चार-पाच मिलिमीटर खोल हव्यात आणि एकमेकींपासून सुट्या हव्यात. खाचा दाट असल्या की आमच्याकडची काळी माती त्यात बसते आणि शंभर पावलांत बुटाचा गोल लाडू होतो. नखानं रबर दाबून बघा. किंचित दबलं तर ते ओल्या दगडावर बरं धरतं, पण झिजतंही लवकर. कडक, चकचकीत तळवा वर्षानुवर्षं टिकतो आणि पहिल्याच ओल्या पायरीवर दगा देतो. टिकाऊपणा बघून बूट घ्यायची आपल्या घरांतली सवय इथे उपयोगाची नाही. टाचेचा भाग थोडा कोन काढून पुढे आला असेल तर उतारावर ब्रेक लागतो. आणि कॉलेजला वापरून घासलेला तळवा ट्रेकला नेऊ नका, बूट वरून कितीही नवा दिसत असला तरी. माझ्या रूममेटचे कॅन्व्हास आजही वरून छान दिसतात.

याला महागडंच लागतं असं नाही, हे तर मुद्दाम सांगायला हवं. सह्याद्रीत भटकणाऱ्या जुन्या मंडळींत अॅक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटांचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं, आणि ते स्वस्त आणि चांगली पकड असलेले म्हणूनच. डेकॅथलॉनसारख्या ठिकाणी एकाच मॉडेलचा वॉटरप्रूफ आणि बिगर वॉटरप्रूफ असा जोड असेल तर दोन्हींच्या तळव्यांची तुलना करून बघा. अनेकदा तळवा तोच असतो आणि जास्तीचे पैसे फक्त पडद्याचे असतात. ते पैसे वाचले तर एसटीच्या तिकिटाला आणि पिठलं-भाकरीला येतात. आणखी एक : २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे अडीच हजारांच्या थोडं अलीकडे-पलीकडे घुटमळत असाल तर अलीकडे थांबलेलं परवडतं.

हलकेपणाबद्दल मात्र मी खोक्यावरच्या शब्दाशी भांडणार नाही. पायातलं एक किलो वजन पाठीवरच्या साधारण पाच ते सहा किलोंइतकी ताकद खातं, असं लष्करासाठी झालेल्या संशोधनात दिसलं आहे. पाऊल प्रत्येक वेळी उचलायचं असतं, हे त्यामागचं साधं कारण. एका दिवसाचा ट्रेक, पाठीवर पाणी, डबा आणि रेनकोट एवढंच, तर तीनशे ते साडेतीनशे ग्रॅमचा एक बूट पुरतो. घोट्याच्या वर येणारे उंच बूट घेतले की पाय मुरगळतच नाही, असा एक समज आहे. तशी हमी कुणीच देऊ शकत नाही. पाठीवर दहा-बारा किलो घेऊन दोन-तीन दिवस चालायचं असेल तर उंच बुटाचा विचार करा, एरवी कमी उंचीचा चालतो.

दुकानात संध्याकाळी जा

दिवसभर चालून-उभं राहून पाय थोडे सुजतात, ट्रेकलाही सुजणार असतात. सकाळी मापात बसलेला बूट दुपारी चावतो. म्हणून संध्याकाळी जा आणि ट्रेकला घालणार तेच मोजे नेऊन घालून बघा. मोजे सुती नकोत. सुती मोजा पाणी पितो, सोडत नाही, आणि ओलं सूत कातड्यावर घासलं की फोड ठरलेला. नायलॉन-पॉलिएस्टरचे खेळाचे मोजे बरे.

बूट घालून पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट जायला हवं. नंतर लेस बांधून दुकानातल्या जिन्यावरून दोनदा खाली उतरा. दुकानदार बघत राहील, राहू दे. उतरताना बोटं पुढे आपटली तर नखं काळी होणार म्हणजे होणार. माझं नख पडायला तीन महिने लागले. चढताना टाच वर उचलली जात असेल तर तिथे फोड. ऑनलाइन सेलमध्ये निम्म्या किमतीत दिसला म्हणून मागवायचा असेल तर आधी कुठेतरी घालून बघितलेला असू द्या. माप कंपनीगणिक बदलतं. माझं एकीकडे पाच, दुसरीकडे सहा.

बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली आहे का, हेही बघा. सुटी असेल तर खडे, कुसळं आणि चिखल तिथून येतात. आणि वॉटरप्रूफ बूट घ्यायचाच असेल, तर पाणी फार तर त्या शिवणीच्या उंचीपर्यंतच अडतं, हे डोक्यात असू द्या.

नवे बूट थेट ट्रेकला घालू नका. आठ-दहा दिवस कॉलेजला घाला, बसस्टॉपपर्यंत पळा, जिने चढा. आपल्याकडे बरेच जण तळवा चांभारदादांकडून चारी बाजूंनी शिवून घेतात, कारण पावसात डिंक सुटतो. स्वस्त बुटांना हा उपाय नामी आहे. वॉटरप्रूफ बुटाला मात्र सुई तळव्याच्या वर आली की पडद्याला भोकं पडतात आणि तुम्ही पैसे दिलेली एकुलती एक गोष्ट संपते.

आणि उधार बूट. हा आपल्या वयाचा खास प्रकार. माझ्या आतेभावानं मित्राच्या दादाचे भारी ट्रेकिंग शूज उधार घेतले. चार-पाच वर्षं कपाटात होते, जवळजवळ कोरे. हरिश्चंद्रगडाच्या पाचनईच्या वाटेवर अर्ध्या तासात एका बुटाचा तळवा आ वासून उघडला, मग दुसऱ्याचा. यात मित्राच्या दादाची चूक नाही. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो आणि हवेतल्या दमटपणानं तो आतल्या आत ठिसूळ होत जातो, न वापरतासुद्धा. आतेभाऊ सुतळी गुंडाळून गडावर गेला आणि सुतळी गुंडाळूनच उतरला. तेव्हापासून आमच्या ग्रुपच्या सामानाच्या यादीत सुतळी आणि चिकटपट्टी कायमची आहे. जुने बूट असतील तर आदल्या दिवशी हातानं जोरात वाकवून बघा. मधला थर चुरा सांडायला लागला तर घरीच राहू द्या.

पेपरचा दुसरा उपयोग

ट्रेक संपल्यावर काय करायचं, हे कुणी सांगत नाही आणि तिथेच चिखल्या होतात. पायाच्या बोटांच्या मधली कातडी पांढरी, ओली, खाजरी होते, ती बुरशी. परतीच्या एसटीत चार तास ओल्या मोज्यांत बसणं म्हणजे तिला आवतणच. मोज्यांचा एक कोरडा जोड आणि साध्या चपला पिशवीत तळाशी ठेवा. बारीत परत आलं की बूट काढा, बोटांच्या मधली जागा पुसा, चपला घाला. तरीही चिखल्या झाल्या आणि आठवड्यात बऱ्या झाल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा, घरातलं कुठलंही मलम फासू नका.

घरी आल्यावर आतली सोल-पॅड काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. दोन तासांनी बदला. (ही पुरवणी वाचून झाली असेल तर चालेल. संपादकांची परवानगी मी घेतलेली नाही.) चुलीजवळ, गॅसशेजारी किंवा कडक उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. पंखा पुरतो.

मग वॉटरप्रूफ बूट कुणीच घेऊ नयेत का? तसं नाही. तुम्ही हिमालयात जाणार असाल, बर्फात चालणार असाल तर घ्याच, तिथे तो शब्द पैसे वसूल करतो. डिसेंबरच्या पहाटे दवानं भिजलेल्या गवतातून चालायचं असेल तरी त्यांचा उपयोग आहे, कारण तिथे पाणी खालून येतं आणि हवा थंड असते. पण सांदण दरीसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यातही मधे कमरेइतकं पाणी लागू शकतं, तिथे वॉटरप्रूफ बुटांची ती दोन बादल्यांची गोष्ट पुन्हा सुरू होते.

माझ्या रूममेटचं प्लॅस्टर निघालं. दिवाळीच्या आधी ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही कोपरगावला जाऊन तिच्यासाठी जाळीचे बूट घेतले, बाराशे रुपयांचे. पिवळा अष्टकोन वगैरे काही नाही, पण खाचा खोल. दुकानातल्या जिन्यावरून ती चार वेळा उतरली, उजवा हात कठड्यावर घट्ट धरून. अनकाईला आम्ही पॅसेंजरनं गेलो. ओला दगड कुठेच नव्हता, तरी उतरताना प्रत्येक पायरीला ती थांबून आधी पायानं चाचपत होती. मी पुढे गेले नाही.

माझे ते भारी बूट आता पप्पांकडे आहेत. एक नंबर मोठे घेतले होते आणि त्यांचा पाय लहान, त्यामुळे जाड मोजा घातला की बसतात. डिसेंबरात पहाटे पाचला ते डेअरीवर दूध घालायला मोटरसायकलवरून जातात तेव्हा घालतात. वारा लागत नाही, पाय गरम राहतात म्हणाले. उसात मात्र अजूनही अनवाणीच जातात.